मॉर्फिनची गोळी स्वस्त, मग खर्च कशाचा? सुरुवात करणाऱ्या सर्ट्युर्नरची गोष्ट

जर्मनीतील पाडरबोर्नच्या औषध दुकानात काम करणाऱ्या फ्रिडरिश सर्ट्युर्नरने १८०४ च्या सुमारास अफूतून वेदनाशामक घटक वेगळा केला. तोवर अफूची मात्रा अंदाजानेच दिली जाई, कारण प्रत्येक अफूचा जोर वेगळा. आता मात्रा मोजता येऊ लागली. पुढे त्याने स्वतःवर आणि तीन तरुणांवर प्रयोग केला (आज कोणतीही एथिक्स कमिटी परवानगी देणार नाही!). डार्मस्टाटच्या मर्कने १८२७ मध्ये व्यावसायिक उत्पादन सुरू केले. सर्ट्युर्नर १८४१ मध्ये हामेलनला वारला. मॉर्फिनवर आज पेटंट नाही, म्हणून साधी गोळी स्वस्त. पण भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे ती अनेक ठिकाणी मिळेनाशी झाली. २०१४ मध्ये नियम सैल झाले, तरी कॅन्सर रुग्णाच्या नातेवाइकांना गोळीसाठी अनेकदा मोठे शहर गाठावे लागते. तो प्रवासखर्च औषधाच्या बिलात दिसत नाही.