एल्फ व्हायचं की ड्वार्फ? आधी टॉल्किनना भेटा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स पहिल्यांदा खेळायला बसलात, की फासे टाकण्याआधीच एक प्रश्न येतो: तुम्ही कोण? माणूस, एल्फ, ड्वार्फ की हाफलिंग? गंमत बघा, माणूस व्हायची सोय असतानाही अनेकांचा हात दुसरीकडेच जातो. अंधारात दिसणं, विष कमी बाधणं असे फायदे मिळतात, हे खरं. पण तेवढ्यासाठी कोणी ड्वार्फचा राग किंवा एल्फचा एकटेपणा तीन-तीन तास अंगावर घेत नाही. त्यामागचं खरं कारण एका प्राध्यापकाच्या आयुष्यात सापडतं. त्यांनी हा खेळ कधी पाहिलासुद्धा नाही.

जे. आर. आर. टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी, आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनमध्ये झाला. घरचे त्याला रॉनल्ड म्हणत. आईबरोबर तो इंग्लंडला आला आणि तिकडे मागे राहिलेले वडील वारले. तेव्हा तो चार वर्षांचा होता. बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात त्याची काही छान वर्षं गेली. बाराव्या वर्षी आईही गेली. पुढे एका धर्मगुरूंनी त्याचा आणि धाकट्या भावाचा सांभाळ केला. हातातून निसटलेलं घर ही गोष्ट रॉनल्डला फार लवकर कळली.

त्याचा छंद मात्र जगावेगळा होता. तो भाषा बनवायचा! शाळेच्या वयातच सुरुवात झाली. ऑक्सफर्डला गेल्यावर फिनिश भाषेचं व्याकरण हाती लागलं आणि गडी खुळावलाच. त्यातून पुढे एल्फांची क्वेन्या भाषा घडली, तर वेल्शच्या ओढीतून सिंडारिन. मग प्रश्न आला, ही भाषा बोलतं कोण? बोलणारे हवेत, म्हणजे त्यांचं गाव हवं, इतिहास हवा, भांडणं हवीत, गाणी हवीत. टॉल्किनचे वंश असे भाषेतून जन्मले. म्हणूनच तुम्ही एल्फ निवडता तेव्हा टोकदार कानांबरोबर हजारो वर्षांच्या आठवणीही मिळतात.

१९१६ च्या मार्चमध्ये एडिथशी लग्न झालं आणि जूनमध्ये टॉल्किन फ्रान्सच्या आघाडीवर पोहोचले. सोमच्या लढाईत ते संदेशवहन अधिकारी होते. शाळेपासूनचे त्यांचे तीन जिवलग दोस्त होते. त्यातले दोन त्याच वर्षी गेले. टॉल्किन स्वतः खंदकात पसरणाऱ्या तापाने आजारी पडून परतले. तिथे त्यांनी साध्या सैनिकांचं धैर्य जवळून पाहिलं होतं. पुढे सॅम गमजी हा हॉबिट त्याच माणसांवरून घडला. हॉबिट बुटका, खादाड, घरकोंबडा असतो आणि वेळ आली की तोच सगळ्यात पुढे जातो. आपण फार काही भारी नाही असं वाटणाऱ्या कोणालाही हॉबिट जवळचा का वाटतो, ते आता लक्षात येईल.

‘द हॉबिट’ १९३७ मध्ये आलं. पुढच्याच वर्षी जर्मन आवृत्तीच्या निमित्ताने तिथल्या प्रकाशकाने विचारलं, तुम्ही आर्य वंशाचे आहात का? हिटलरचा काळ होता तो. टॉल्किन भयंकर चिडले. उत्तराच्या एका मसुद्यात त्यांनी त्या कल्पनेचीच खिल्ली उडवली. कागदावर नवनवे वंश उभे करणारा हा माणूस खऱ्या माणसांची रक्तावरून वर्गवारी करायला अजिबात तयार नव्हता. १९५४-५५ मध्ये आलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये एल्फ लेगोलास आणि ड्वार्फ गिम्ली एकमेकांकडे संशयाने बघत निघतात आणि शेवटी पक्के दोस्त होतात. वंशांचं जुनं वैर तसंच असतं, ते दोघं मात्र बदलतात.

एक गाठ टॉल्किनना सुटली नाही, ती ऑर्कांची. अख्खी जमात जन्मतःच दुष्ट कशी असेल? उतारवयातही ते त्यावर पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. २ सप्टेंबर १९७३ रोजी ते गेले.

काही महिन्यांतच, १९७४ च्या सुरुवातीला, अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स बाजारात आला. त्यात एल्फ, ड्वार्फ आणि हॉबिट होतेच. हॉबिट हे नाव पुढे हक्कांच्या वादामुळे हाफलिंग झालं. सुरुवातीच्या नियमांचा कल माणसाकडे होता. हॉबिट फक्त योद्धा होऊ शकत होता, तोही चौथ्या पातळीपर्यंतच! तरीही हे वंश टिकले. उलट २००० च्या आवृत्तीत त्या मर्यादाच निघाल्या. १९७८ च्या नियमपुस्तकात तर अर्धा ऑर्कसुद्धा खेळता यायला लागला. म्हणजे टॉल्किनना छळणारा प्रश्न थेट खेळाडूच्या हातात आला: रक्त असं असेल, तर तू कसा वागशील? २०२४ च्या नियमांत ‘रेस’ हा शब्दच गेला, त्याजागी ‘स्पीशीज’ आला.

म्हणून सांगते, वंश निवडताना फायद्यांची यादी वाचाच, पण तिथेच थांबू नका. तुमच्या ड्वार्फचं कुठलं घर हरवलंय? तो कोणावर विश्वास ठेवायला शिकेल? तुमच्या अर्ध्या ऑर्कला लोक घाबरतात, तेव्हा तो काय करतो? मजा तिथे आहे.

ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत टॉल्किन आणि एडिथ एकाच कबरीत आहेत. दगडावर त्यांच्या नावांखाली आणखी दोन नावं कोरलीत: एडिथच्या नावाखाली लुथिएन, टॉल्किनच्या नावाखाली बेरेन. त्यांच्याच कथेतली ही जोडी. बेरेन माणूस होता. लुथिएन एल्फकन्या होती, आणि त्याच्यासाठी तिने अमरत्व सोडलं.