गाईंच्या वैरणीवर आम्ल ओतणाऱ्या शास्त्रज्ञाला थेट नोबेल मिळालं होतं

नोबेल म्हटलं की अणू, तारे, नाहीतर एखादं जीव वाचवणारं औषध डोळ्यांसमोर येतं. शेण आणि कुट्टीचा वास असलेला गोठा काही येत नाही. पण १९४५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या माणसाला मिळालं, त्याचं सगळ्यात गाजलेलं काम गाईंची वैरण टिकवण्याचं होतं. आपल्याकडे ज्याला मुरघास म्हणतात, तीच ही वैरण. त्या माणसाचं नाव आर्तुरी इल्मारी विर्तानेन, देश फिनलंड.

विर्तानेन यांचा जन्म १५ जानेवारी १८९५ रोजी हेलसिंकीत झाला. वडील रेल्वेत नोकरीला होते. शाळा विपुरी नावाच्या गावात झाली. हे गाव पुढे दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाकडे गेलं आणि आज ते व्हिबोर्ग म्हणून ओळखलं जातं. हेलसिंकी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून १९१९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढच्याच वर्षी वनस्पतिशास्त्र शिकलेल्या लिल्या मोइसिओ यांच्याशी लग्न झालं.

फिनलंड तेव्हा नुकताच स्वतंत्र झाला होता. १९१७ अखेर स्वातंत्र्य, १९१८ मध्ये यादवी युद्ध, पाठोपाठ अन्नटंचाई. अशा देशात हुशार केमिस्टला नोकरी कुठे मिळाली? तर वालिओ या दूध संघात. वालिओ म्हणजे गावोगावच्या सहकारी डेअऱ्यांचा मध्यवर्ती संघ. लोणी आणि चीज परदेशी विकून देशाला पैसा मिळवून द्यायचा, हे त्याचं मुख्य काम. १९२१ साली विर्तानेन तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. मधल्या काळात परदेशी जाऊन त्यांनी जीवरसायनाचं पुढचं शिक्षण घेतलं. स्टॉकहोममध्ये त्यांचे गुरू होते हान्स फॉन ऑयलर. त्यांनाही पुढे १९२९ साली नोबेल मिळालं. आंबवण्याच्या क्रियेत नेमकं काय घडतं, जिवाणू साखरेचं काय करतात, हा विर्तानेन यांचा आवडता विषय तिथेच पक्का झाला.

आता दूध संघाच्या प्रयोगशाळेचा वैरणीशी काय संबंध, हे समजण्यासाठी फिनलंडच्या गोठ्यात डोकवावं लागेल.

फिनलंडमध्ये हिवाळा इतका लांब असतो की गाई वर्षातले सात-आठ महिने गोठ्यातच बांधलेल्या. बाहेर बर्फ. सकाळी उठून शेण काढायचं, पाणी दाखवायचं, वैरण टाकायची, धार काढायची, भांडी धुवायची आणि संध्याकाळी हेच सगळं पुन्हा. पण वैरण म्हणून काय टाकायचं? उन्हाळ्यात कापून वाळवलेलं गवत. ते वाळवतानाच पाऊस आला की निम्मा कस निघून जायचा. वाळलेल्या गवतात प्रथिनं कमी आणि ज्यापासून अ जीवनसत्त्व तयार होतं ते कॅरोटीन तर जवळपास संपलेलं. मग दूध आटायचं, लोणी पांढरट पडायचं. कमतरता भरून काढायला पेंड बाहेरच्या देशातून विकत आणावी लागायची.

मग हिरवं गवतच सायलोमध्ये दाबून का ठेवू नये? तसा प्रयोग युरोपात आधीपासून चालूच होता. अडचण वेगळीच होती.

मक्याचा मुरघास सहज जमतो, कारण मक्यात साखर भरपूर असते. दाबून हवा काढली की दुधाचं दही करणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद त्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, चारा आंबट होतो आणि टिकतो. फिनलंडच्या थंडीत तेव्हा मका पिकवणं शक्यच नव्हतं. तिथे होतं टिमोथी गवत आणि क्लोव्हर. क्लोव्हर म्हणजे आपल्या लसूणघासासारखी द्विदल वैरण. तिच्यात प्रथिनं जास्त, साखर कमी. अशा चाऱ्यात आंबटपणा पुरेसा चढत नाही आणि मग ब्युटिरिक आम्ल करणारे जिवाणू ताबा घेतात. मुरघास उघडल्यावर सडक्या लोण्यासारखा वास आला, चारा चिकट लागला, तर तो याच जिवाणूंचा प्रताप समजावा.

या जिवाणूंचे बीजाणू फार चिवट. खराब मुरघासातून ते गाईच्या पोटात जातात, पोटातून शेणात, शेणातून कासेला आणि सडांना, तिथून धारेच्या भांड्यात. दूध तापवलं तरी मरत नाहीत. त्या दुधाचं चीज केलं, की काही आठवड्यांनी चीजच्या गोळ्यात वायू धरतो, गोळा फुगतो, तडकतो आणि वास मारतो. महिनोन् महिने सांभाळलेला माल फेकून द्यावा लागतो. कास कितीही स्वच्छ धुतली आणि भांडी कितीही घासली, तरी मूळ वैरणीत असेल तर बीजाणू थोडेफार येतच राहतात. म्हणूनच चीज विकणाऱ्या संघाला शेतकऱ्याच्या सायलोमध्ये इतका रस होता.

विर्तानेन यांनी या प्रश्नाकडे उलट बाजूने पाहिलं. आंबटपणा जिवाणूंनी तयार करायची वाट कशाला पाहायची, तो आपणच पहिल्या दिवशी का घालू नये? वैरणीत आम्ल मिसळण्याची कल्पना इतरांनीही करून पाहिली होती. पण किती आम्ल घातलं की नेमकं काय थांबतं, हे कुणी मोजलं नव्हतं. विर्तानेन यांनी ते मोजलं. चाऱ्याचा सामू, म्हणजे पीएच, ४ च्या खाली आणला की कापलेल्या गवताचं श्वसन मंदावतं, प्रथिनं तुटायची थांबतात आणि ब्युटिरिकवाले जिवाणू हात टेकतात. मात्र तो फार खालीही जाऊन चालत नाही, कारण शेवटी हा चारा गाईनं खायचा आहे. ३ ते ४ च्या मधली जागा पकडायची, असं ठरलं. त्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल आणि गंधकाम्ल यांचं मिश्रण पाण्यात पातळ करून गवताच्या थरांवर शिंपायचं. १९२८ साली ही पद्धत उभी राहिली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं एआयव्ही.

कागदावर हे सोपं वाटतं. आम्ल शिंपायचं काम मात्र शेतकऱ्याच्या अंगावर आलं.

सायलो भरायचा दिवस म्हणजे आधीच दमवणारा. गवत कापून आणायचं, थर पसरायचा, पायांनी तुडवून हवा काढायची, पुन्हा थर. त्यात आता प्रत्येक थरावर आम्ल. गंधकाम्ल पातळ करताना ते पाण्यात हळूहळू ओतायचं असतं. आम्लावर पाणी ओतलं तर ते उकळून अंगावर उडतं. कपड्याला थेंब लागला की भोक, कातडीला लागला की भाजल्याची जखम. साध्या लोखंडाच्या बादल्या आणि अवजारं खाल्ली जायची. चाऱ्यातून जो आंबट रस गळायचा, तो सायलोच्या सिमेंटच्या भिंतीही पोखरायचा. म्हणून भिंतींना आम्ल सोसेल असा लेप द्यायचा, दरवर्षी भरण्याआधी तो तपासायचा, गळती पाहायची, रस वाहून जायची वाट मोकळी ठेवायची. यातलं एक जरी राहिलं तरी तडीतून हवा आत शिरायची आणि तिथला चारा बुरसायचा. गाईच्या बाजूनेही काळजी होतीच. इतका आंबट चारा रोज खाणाऱ्या जनावराच्या शरीरात आम्ल साचू नये म्हणून वैरणीबरोबर चुनखडीची पूड किंवा सोडा द्यावा लागायचा.

आणि सायलो म्हटल्यावर एक धोका आम्ल असो वा नसो, राहतोच. तो म्हणजे वायू. महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना हे वेगळं सांगावं लागणार नाही. धान्याचं पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी ते वारू द्यायचं, कंदील सोडून पाहायचा, ही रीत होतीच. बंद जागेत कार्बन डायऑक्साइड साठतो, प्राणवायू संपतो, कंदील विझतो. सायलोमध्ये यापेक्षा वाईट गोष्ट असू शकते. चाऱ्यातल्या नायट्रेटपासून नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, पिवळसर तपकिरी रंगाचा, ब्लीचिंग पावडरसारख्या उग्र वासाचा असतो. अगदी थोड्या प्रमाणातही तो फुप्फुसं निकामी करतो आणि कंदील मात्र जळतच राहू शकतो. म्हणजे पेवाची परीक्षा इथे पुरत नाही. भरल्यानंतरचे पहिले तीन आठवडे सर्वांत धोक्याचे. त्या काळात शक्यतो आत जायचंच नाही. जावंच लागलं तर आधी बराच वेळ पंख्याने हवा खेळवायची आणि बाहेर माणूस उभा ठेवल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आत कुणी पडलेला दिसला तर वाचवायला उडी मारणारा दुसरा बळी ठरतो. जगभरात असे जीव गेले आहेत. आपल्याकडे बहुतेक मुरघास जमिनीवरच्या बंकरमध्ये किंवा पिशव्यांमध्ये होतो, त्यामुळे धोका कमी आहे, पण खोल खड्डा असेल तर हेच नियम लागू.

एवढा व्याप असूनही शेतकऱ्यांनी एआयव्ही स्वीकारली, कारण फरक डोळ्यांना दिसत होता. भर हिवाळ्यात गाईंसमोर हिरवी वैरण पडत होती, दूध टिकत होतं, लोण्याला पिवळा रंग येत होता. फिनलंडमधून ही पद्धत स्वीडनसह युरोपातल्या इतर देशांत आणि अमेरिकेतही गेली.

विर्तानेन स्वतः प्रयोगशाळेत बसून राहिले नाहीत. १९३१ साली ते हेलसिंकीच्या जीवरसायन संशोधन संस्थेचे संचालक झाले आणि तंत्रविद्यापीठात प्राध्यापकही. १९३३ साली त्यांनी हेलसिंकीजवळ शेत विकत घेतलं आणि स्वतःची पद्धत स्वतःच्याच गाईंवर चालवली. त्यांच्या मनातलं चित्र मोठं होतं. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र ओढतात, म्हणजे विकतचं नत्र खत नको. त्या पिकांची प्रथिनं सायलोमध्ये टिकली की विकतची पेंड नको. गाईचं शेण परत शेतात. या गाठींवरही त्यांनी बरीच वर्षं काम केलं. गाठ फोडली की आत जो लालसर रंग दिसतो, तो आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातकुळीतल्या पदार्थाचा. त्याचं लेगहिमोग्लोबिन हे नाव विर्तानेन यांनी रूढ केलं.

युद्धाने या चित्राची परीक्षा घेतली. १९३९ च्या हिवाळ्यात सोव्हिएत रशियाने हल्ला केला, नंतर १९४१ ते १९४४ पुन्हा युद्ध. बाहेरून पेंड आणि खत येणं आटलं. हातातल्या गवतातली प्रथिनं वाचवणं ही आता संघाच्या नफ्यातोट्याची बाब उरली नव्हती, देशाच्या दुधाचा तो प्रश्न झाला होता.

युद्ध संपलं त्याच वर्षी, १९४५ मध्ये, स्वीडनच्या अकादमीने त्यांना नोबेल जाहीर केलं. कृषी आणि पोषण रसायनातलं संशोधन, त्यातही वैरण टिकवण्याची पद्धत, असा कारणांत स्पष्ट उल्लेख होता. फिनलंडला विज्ञानातलं मिळालेलं हे पहिलं नोबेल. हरलेल्या, जमीन गमावलेल्या, दंड भरणाऱ्या देशासाठी ही बातमी केवढी मोठी असेल, याचा अंदाज करता येतो. १९४८ ते १९६३ अशी पंधरा वर्षं ते फिनलंडच्या अकादमीचे अध्यक्ष होते.

नोबेलनंतर ते वनस्पतींमधल्या गंधकयुक्त पदार्थांकडे वळले. कांदा कापताना डोळ्यांत पाणी आणणारा पदार्थ कशापासून तयार होतो, हे त्यांच्या प्रयोगशाळेनं १९६० च्या दशकात दाखवून दिलं. गाई मात्र सुटल्या नाहीत. १९५८ च्या सुमारास त्यांनी सगळ्यांना वेडगळ वाटेल असा प्रयोग सुरू केला. गाईंना प्रथिनं अजिबात द्यायची नाहीत. शुद्ध पिष्ट, साखर, सेल्युलोज आणि नत्रासाठी फक्त युरिया व अमोनियाचे क्षार. गाईच्या पोटातले जिवाणू या युरियापासून स्वतःची प्रथिनं बनवतात आणि गाय ती पचवते. हळूहळू सवय लावल्यावर यातल्या काही गाईंनी वर्षाला ४,००० किलोच्या वर दूध दिलं. (घरी युरियाचं पोतं उघडून हा प्रयोग करू नये. मात्रा चुकली तर युरियाने जनावर दगावतं.)

सायलोमधलं आम्लही बदललं. १९६० च्या दशकात गंधकाम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल मागे पडून फॉर्मिक आम्ल आलं. मुंगी चावल्यावर आग होते, त्या विषात हेच आम्ल असतं. तेही भाजतंच, हातमोजे आणि चष्मा त्यालाही लागतो, पण गाईला ते सहज पचतं आणि चुनखडीची गरज संपते. फवारणीचं काम आता माणसाच्या हातातल्या झारीऐवजी कापणी यंत्रावरचा पंप करतो. फिनलंडमध्ये या आम्लाच्या पिंपांवर एआयव्ही हे नाव तसंच राहिलं.

विर्तानेन शेवटपर्यंत संशोधनात होते. ११ नोव्हेंबर १९७३ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, हेलसिंकीत त्यांचं निधन झालं.