हान्स बर्गर : मेंदूची वीज कागदावर उतरवणारे डॉक्टर

ईईजी हे नाव तुम्ही दवाखान्यात ऐकलंच असेल. डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी नोंदवण्याची ही तपासणी हान्स बर्गर यांनी शोधली.

त्यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी जर्मनीतील कोबुर्गजवळ झाला. शिकायला गेले ते खगोलशास्त्र! मध्येच सैन्यात गेले. सरावात घोडा बिथरला आणि ते थेट तोफगाड्याच्या चाकापुढे पडले. गाडा वेळेवर थांबला म्हणून वाचले. त्याच संध्याकाळी वडिलांची खुशाली विचारणारी तार आली. दूर असलेल्या बहिणीला भाऊ संकटात आहे असं वाटलं होतं म्हणे! एकाच्या मनातलं दुसऱ्याला कसं कळलं? या प्रश्नापायी त्यांनी तारे सोडले आणि डॉक्टर झाले.

प्राण्यांच्या मेंदूत वीज असते हे रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्येच दाखवलं होतं. बर्गर यांनी येना शहरात १९२४ साली माणसाच्या मेंदूची पहिली नोंद घेतली. स्वतःच्या मुलाच्या, क्लाउसच्याही नोंदी घेतल्या. पण ही यंत्राचीच थरथर तर नाही ना, अशी शंका त्यांना खात होती. म्हणून छापलं थेट १९२९ मध्ये. तरी फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन यांनी तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा कुठे जगाला पटलं.

डोळे मिटून शांत बसलं की सेकंदाला साधारण दहा लहरी येतात, डोळे उघडले की त्या मोडतात. म्हणजे बाहेर काही घडलं की मेंदूची वीज बदलते. आज अतिदक्षता विभागात बेशुद्ध रुग्णाच्या मनगटाजवळच्या नसेला हलके विजेचे झटके देतात. मेंदूचं उत्तर साधारण २० मिलिसेकंदांत येतं, पण ते इतकं बारीक की इतर लहरींत बुडून जातं. म्हणून शेकडो उत्तरांची सरासरी काढतात. ही युक्ती पुढे जॉर्ज डॉसन यांनी आणली. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णात दोन्ही बाजूंनी उत्तरच आलं नाही, तर शुद्धीवर येण्याची आशा फार कमी असते. नातेवाइकांशी बोलताना डॉक्टरांना याचा आधार होतो.

बहिणीच्या तारेचं कोडं मात्र या लहरींनी सुटलं नाही.

आणखी एक गोष्ट चरित्रात बहुतेक वेळा गाळतात. नाझी राजवटीत सक्तीच्या नसबंदीचे निर्णय देणाऱ्या न्यायालयात बर्गर सदस्य होते. १९४१ मध्ये नैराश्यात त्यांनी आत्महत्या केली. लहान वर्गात हा भाग सांगायचा का, ते तुम्ही ठरवा. सातवीच्या मुलांना मी नसबंदीचं सांगते, आणि ती प्रश्न विचारतात.