बेथेलचे नारायणराव

श्रीपत शेषाद्रीचे प्रकरण आपल्या जुन्या घरांतून अजून सांगितले जाते. १८४३ साली मुंबईत एक अल्पवयीन ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला, बापाने सुप्रीम कोर्टात धाव घेतली, कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावरून मोठे रण माजले. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले व त्यापायी त्यांनी लोकांचा रोष सोसला. इथपर्यंत सारे जाणतात. पण श्रीपतचा थोरला भाऊ नारायण, ज्याच्यामागे ते पोर तिकडे गेले, त्याचे पुढे काय झाले असे विचारले की मंडळी गप्प बसतात. वास्तविक त्याच्या आयुष्याचे मुख्य काम आपल्याच निजामी मुलुखात, जालन्यापाशी झाले.

नारायणराव हे रॉबर्ट नेस्बिट यांच्या शाळेतले. त्यांचा बाप्तिस्मा १८४३ चाच. स्कॉटलंडातले चर्च त्याच साली दुभंगले आणि नेस्बिट व जॉन विल्सन आपल्या शाळेच्या इमारतीवर पाणी सोडून फ्री चर्चमध्ये गेले. नारायणरावही त्याच प्रेस्बिटेरियन पंथाचे पाळक झाले. या पंथात बिशप नसतो. मंडळीने आपल्यातून निवडलेले वडील आणि पाळक एकत्र बसून कारभार पाहतात, आपल्या पंचांसारखा. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

१८६० नंतरच्या दशकात नारायणरावांनी मुंबई सोडून जालन्याची वाट धरली. तेथे त्यांच्याकडे जे लोक आले ते बहुतांशी मांग, म्हणजे आज आपण ज्यांना मातंग म्हणतो ते. दोर वळणे आणि हलगी-सनई वाजवणे हे त्यांचे पिढीजात धंदे. मी दरबारी गवयाचा मुलगा. आमच्या घरी गाण्याबद्दल शालजोडी येई. सनईवाल्याशिवाय गावात लग्न लागत नसे, पण त्याची जागा मांडवाबाहेर आणि मोबदला म्हणजे पदरात टाकलेले धान्य. सूर तेच!

असा माणूस गावचे देव सोडून ख्रिस्ती झाला तर बलुते जायचे, गावकीतली जागा जायची. मग खायचे काय? ब्राह्मणाने जात सोडली तर त्याच्यापाशी निदान विद्या उरते. जातीबाहेर पडणे म्हणजे काय हे नारायणरावांनी घरातच भोगले होते, भाऊही गमावला होता. नुसता उपदेश करून भागणार नाही, जमीन पाहिजे, हे त्यांनी ओळखले यात मला तरी नवल वाटत नाही. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसले. मुसलमान राज्याचा दिवाण, ब्राह्मण कुळातला पाद्री आणि मातंग कुटुंबे. असा योग फार थोड्या गावांच्या जन्मकाळी आला असेल.

बेथेल म्हणजे देवाचे घर. भावाच्या भीतीने घर सोडून पळालेला याकोब उशाला धोंडा घेऊन जेथे निजला, त्या जागेला त्याने हे नाव दिले अशी बायबलातली कथा आहे. प्रेस्बिटेरियन रीतीने गावात मंडळी उभी करायची तर वडील निवडायचे तेही तिच्यातूनच. ज्यांना चावडीची पायरी चढता येत नव्हती, त्यांच्याच हाती पंचांचे काम देणारी ही रीत होती. नारायणरावांची धर्ममते पटोत वा न पटोत, या कामाची किंमत त्याने कमी होत नाही. एक विसंगती मात्र माझ्यासारख्याला जाणवतेच. हे सनई-हलगीचे लोक ज्या चर्चमध्ये आले, त्या फ्री चर्चने स्कॉटलंडात १८८३ पर्यंत उपासनेत ऑर्गनसुद्धा येऊ दिला नव्हता. तेथे नुसती स्तोत्रे गात, वाद्याविना.

१८७३ साली न्यूयॉर्कला ख्रिस्ती मंडळांची मोठी परिषद भरली, तिला नारायणराव पागोटे घालून हजर होते. १८९१ मध्ये अशाच एका परदेशप्रवासात, समुद्रावर, त्यांचा अंत झाला. त्यांच्या पंथाची मराठी मुलुखातली चर्चे १९२४ साली उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्ये आणि १९७० साली आजच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये सामील झाली. निजामी गेली, १९६० साली मराठवाडा महाराष्ट्रात आला, १९८१ साली जालना जिल्ह्याचे ठिकाण झाले.