अक्षरांचे कारागीर : जावजी दादाजी

पैठण तालुक्यातील पाचोडसारख्या गावी आज एखादा विद्यार्थी संगणकापुढे बसतो, कळ दाबतो आणि पडद्यावर सुरेख देवनागरी अक्षर उमटते. ते वळण मनास आले नाही, तर तो दुसरे निवडतो. जाड हवे तर जाड, बारीक हवे तर बारीक. हे सारे निमिषार्धात घडते. परंतु त्या प्रत्येक वळणामागे कोणा तरी कारागिराची दृष्टी आणि कोणाचा तरी हात असतो. मराठी छापील अक्षराला जे सौष्ठव लाभले, त्याचे फार मोठे श्रेय एका गरीब मुलाकडे जाते. अक्षरकलेचे शिक्षण त्याने कोणत्याही विद्यालयात घेतले नव्हते. त्याचे नाव जावजी दादाजी चौधरी.

जावजींचा जन्म १८३९ साली मुंबईत झाला. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे शाळेचे शिक्षण नाममात्रच झाले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामास लागले. वेतन दरमहा दोन रुपये आणि काम खिळे घासण्याचे.

हे काम वरवर पाहता अगदी हलके. छापण्याच्या अक्षराला आपल्याकडे खिळा किंवा टाइप म्हणतात. शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस साच्यात ओतून तो तयार करतात. साच्यातून निघालेल्या खिळ्याला शेपटी राहिलेली असते, कडांना खरखरीतपणा असतो. शेपटी मोडून टाकायची आणि सपाट दगडावर खिळ्याच्या बाजू घासून त्या गुळगुळीत करायच्या, एवढेच ते काम. परंतु ते बेतानेच करावे लागते. एक बाजू किंचित अधिक घासली गेली, तर खिळा कलतो. कमी घासली, तर शेजारच्या खिळ्याला तो नीट भिडत नाही. इंग्रजीची अक्षरे एकमेकांपासून सुटी असतात, तेथे एवढ्या तेवढ्याने बिघडत नाही. आपल्या लिपीची गोष्ट निराळी. येथे सर्व अक्षरे शिरोरेषेने बांधलेली असतात. दोन खिळ्यांत केसाएवढी फट राहिली, तरी शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटल्यासारखा दिसतो. देवनागरी छपाईतील सर्वांत नाजूक जागा कोणती, याचा धडा जावजींच्या बोटांना असा पहिल्याच पायरीवर मिळाला.

त्या छापखान्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण मुंबई इलाख्यात मुद्रणाची विद्या पसरली ती पुष्कळशी तेथूनच. अमेरिकन मिशनरी मुंबईस आले १८१३ साली, आणि पुढील काही वर्षांत त्यांनी आपला छापखाना घातला. आरंभीचे मराठी खिळे त्यांना बंगालमधून आणावे लागले. तेथे पंचानन कर्मकार नावाचा कुशल लोहार-कारागीर होऊन गेला होता. चार्ल्स विल्किन्स या इंग्रज विद्वानाजवळ राहून तो अक्षरे कोरण्यास शिकला आणि ती विद्या त्याने आपला जावई मनोहर यास दिली. मुंबईच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम हा लहानपणीच कामास लागलेला मुलगा पुढे अक्षरे कोरण्यात निष्णात झाला आणि त्याने मराठी खिळ्यांना अधिक सुबक रूप दिले. गणपत कृष्णाजी यांनीही येथेच काम करता करता छपाईचे मर्म हेरले, स्वतःचा छापखाना उभारला आणि १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापून काढले. एकाने दुसऱ्याजवळ बसावे, त्याचे हात पाहावेत, चुकावे, पुन्हा करावे, अशीच त्या काळची रीत होती. खुद्द यूरोपात सुट्या खिळ्यांनी छपाई सुरू करणारा गुटेनबर्ग हाही मूळचा धातुकामाचाच कारागीर होता.

ग्रॅहमच्या देखरेखीखालील या छापखान्यात जावजी घासण्याच्या दगडावरून हळूहळू पुढे सरकले. खिळा ओतावा कसा, धातूंचे प्रमाण किती असावे, साचा कधी बिघडतो, हे त्यांनी पाहून घेतले. पुढे त्यांनी टाइम्स ऑफ इंडिया, इंदुप्रकाश अशा मुंबईतील नामांकित छापखान्यांतही काम केले. प्रत्येक ठिकाणची यंत्रे निराळी, माणसे निराळी. दोन रुपयांवर लागलेला मुलगा आता खिळे ओतण्याच्या कामातील जाणता माणूस झाला होता.

१८६४ साली जावजींनी धाडस केले. नोकरीवर विसंबून न राहता त्यांनी खिळे ओतण्याचा स्वतःचा लहानसा कारखाना काढला. काळ मोठा फसवा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला होता आणि शहरात पैशाचा पूर वाहत होता. दुसऱ्याच वर्षी ते युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. जावजींचा लहान कारखाना मात्र तगला.

या कारखान्यास राणोजी रावजी आरू यांच्यासारखा सहकारी लाभला, हे मराठी अक्षराचे भाग्य होय. जावजींना ओतकामाची व व्यवहाराची जाण होती, तर राणोजींच्या हातात कोरण्याची कला होती. पोलादाच्या लहानशा कांबीच्या टोकावर अक्षर उलटे आणि उठावाचे कोरायचे. या ठशाला पंच म्हणतात. कोरता कोरता ठसा दिव्याच्या ज्योतीवर धरायचा, त्याच्यावर काजळी बसली की कागदावर दाबून पाहायचा आणि उणे दिसेल तेथे पुन्हा कानस चालवायची. एकदा अधिक पोलाद निघून गेले, की ते परत लावता येत नाही. अक्षर मनासारखे झाले म्हणजे ठसा तापवून, पाण्यात बुडवून कठीण करायचा आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा. तांब्यात जो खोलगट आकार उमटतो ती मातृका. तिच्यावरून मग हजारो खिळे ओतता येतात.

असे ठसे किती लागत असतील? इंग्रजीचे काम लहान-मोठी अक्षरे, अंक व चिन्हे धरून थोडक्यात भागते. देवनागरीत मात्र मूळ अक्षरे, त्यांची अर्धी रूपे, वर-खाली लागणाऱ्या मात्रा, रेफ, अनुस्वार आणि असंख्य जोडाक्षरे मिळून कित्येक शेकडो खिळे होतात. क्ष, ज्ञ, द्ध, ह्म यांसारखी अक्षरे तर कारागिराची परीक्षाच पाहतात. शिवाय हे सारे एकाच आकारात करून चालत नाही. पोथीला ठसठशीत अक्षर हवे, टीपेला बारीक हवे, आणि प्रत्येक आकाराचे ठसे पुन्हा नव्याने कोरायचे. आजच्यासारखे एकच अक्षर लहान-मोठे करण्याची सोय तेव्हा नव्हती.

त्यांच्यापुढील खरी अडचण याहून निराळी होती. आपल्या लोकांचे डोळे हस्तलिखित पोथ्यांना सरावलेले होते. बोरूचे टोक तिरपे छाटलेले असते, त्यामुळे रेघ एका दिशेने जाड आणि दुसऱ्या दिशेने बारीक उतरते. बालबोध अक्षराचा सारा डौल या जाड-बारीकपणात आहे. आरंभीचे छापील अक्षर त्यापुढे ओबडधोबड दिसे. त्यातच छापण्याच्या शाईत चरबी असते, असा समज होता. सोवळ्यात बसणारा शास्त्री छापील पोथीला हात लावण्यास कचरे. असा वाचक जिंकावयाचा, तर छापील अक्षराने बोरूच्या अक्षराशी बरोबरी केली पाहिजे आणि मजकुरात अशुद्धही राहता कामा नये.

जावजींनी १८६९ साली छापखाना उभारला व त्याचे नाव निर्णयसागर ठेवले. स्वतःच्या कारखान्यात घडलेल्या अक्षरांनीच तेथे छपाई होऊ लागली. राणोजींच्या खिळ्यांत बोरूचे वळण शाबूत होते. शिरोरेषा सलग दिसे, जोडाक्षरे गच्च न होता स्पष्ट उठत. निर्णयसागर पंचांग घरोघरी गेले. १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांनी मुलांसाठी चालविलेले ‘बालबोध’ मासिक येथूनच निघू लागले. घरच्या गरिबीने ज्यांची शाळा लवकर सुटली, त्यांच्याच छापखान्यातून महाराष्ट्रातील मुलांना दरमहा वाचावयास मिळू लागले!

संस्कृत ग्रंथांच्या छपाईत तर निर्णयसागरने मोठेच नाव मिळविले. जावजी स्वतः पंडित नव्हते, परंतु पंडिताची किंमत ते जाणत. १८८६ साली त्यांनी ‘काव्यमाला’ हे मासिक सुरू केले. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली त्यातून दुर्मीळ संस्कृत काव्ये व नाटके क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. कसरीच्या तोंडी पडावयाची अनेक हस्तलिखिते यामुळे वाचकांच्या हाती आली. जुळाऱ्याने जुळविलेले पान शास्त्रीमंडळी डोळ्यांत तेल घालून तपाशीत. निर्णयसागरची प्रत म्हणजे शुद्ध प्रत, असा लौकिक काशीपासून यूरोपातील विद्यापीठांपर्यंत पसरला. ज्यांचा छापील पोथीला हात लावण्यास विरोध होता, त्यांचे वंशज तीच पोथी मागवू लागले. निर्णयसागरचे खिळेही इतर छापखाने विकत घेत आणि त्या अक्षराचे अनुकरण सर्वत्र होई.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजी निवर्तले. त्या वेळी त्यांनी वयाची पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी कारभार हाती घेतला आणि काव्यमालेचे प्रकाशन पुढे चालू ठेवले. जुन्या ग्रंथालयातून निर्णयसागरचे एखादे पिवळे पडलेले पुस्तक मिळाले, तर त्याच्या पहिल्या पानावर प्रकाशक म्हणून या पितापुत्रांपैकी एकाचे नाव आढळते. अक्षर कोरणाऱ्याचे नाव तेथे छापण्याची रीत नव्हती. राणोजींचे काम पाहावयाचे, तर पान उलटून ओळींकडे पाहावे लागते.