जिम कॉर्बेट : बंदूक ते कॅमेरा



वन्यजीव सप्ताहात मुलांना जिम कॉर्बेट यांची गोष्ट सांगितली. नरभक्षक वाघांचा भाग आला तेव्हा वर्ग एकदम चिडीचूप! पण गोष्ट संपल्यावर एका मुलीने विचारलं, बाई, त्यांनी वाघ मारले, मग वाघांच्या जंगलाला त्यांचंच नाव कसं काय दिलं? प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, त्यासाठी त्यांचं सगळं आयुष्य बघावं लागतं. म्हणून हा लेख.

जिम कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल इथे झाला. नैनिताल म्हणजे कुमाऊँच्या डोंगरातलं एका तळ्याभोवती वसलेलं छोटंसं थंड हवेचं गाव. वडील तिथे पोस्टमास्तर होते. घरात भावंडं पुष्कळ आणि पैसा बेताचा. जिम पाच वर्षांचा असताना, १८ सप्टेंबर १८८० ला, सततच्या पावसाने नैनितालचा एक डोंगर खचला आणि १५१ माणसं गाडली गेली. डोंगरावर घरं बांधायची तर पाण्याला वाट ठेवावी लागते, हा धडा गावाला फार महागात मिळाला. नंतर उतारांवर नाल्यांचं जाळं बांधलं गेलं. पुढे थोड्याच दिवसांत वडील वारले आणि आई मेरी जेन यांनी हिमतीने संसार सावरला.

उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगी गावात, असं या कुटुंबाचं वर्षाचं गणित होतं. कालाढुंगीचं जंगल हीच जिमची खरी शाळा. आधी बेचकी, मग ठासणीची जुनी बंदूक घेऊन हा मुलगा रानात हिंडायचा. ओल्या मातीतला ठसा कोणाचा, तो किती वेळापूर्वीचा, माकड ओरडलं तर का ओरडलं, हे सगळं तो ऐकून आणि बघून शिकला. पक्ष्या-प्राण्यांचे आवाज हुबेहूब काढायचा. कुमाऊँनी बोली तर त्याला घरच्या भाषेसारखी येत होती. आपण ज्याला निरीक्षण कौशल्य म्हणतो ना, ते हेच.

परिस्थितीमुळे पुढचं शिक्षण झालं नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या वयात तो रेल्वेत नोकरीला लागला. काम काय, तर आगगाडीच्या इंजिनासाठी जंगल तोडून लाकूड पुरवणं! म्हणजे ज्याच्या नावाने आज जंगल राखलं जातं, त्याची पहिली कमाई झाडं तोडून झाली. झाडं पडली की घरटी मोडायची, पिल्लं उघड्यावर पडायची. जिम ती पिल्लं आपल्या तंबूत आणून सांभाळायचा. हा भाग मुलांना जरूर सांगावा. माणूस एका दिवसात बदलत नाही, त्याची सुरुवात अशी छोट्या गोष्टींतून होते.

त्यानंतर वीसहून जास्त वर्षं त्यांनी बिहारमधल्या मोकामा घाटावर गंगेपार माल चढवण्या-उतरवण्याचा ठेका सांभाळला. तिथली एक गोष्ट आपल्या शिक्षकांसाठी फार मोलाची आहे. तिथले स्टेशनमास्तर रामशरण आणि कॉर्बेट यांनी कामगारांच्या मुलांसाठी शाळा सुरू केली. पण वेगवेगळ्या जातींची मुलं एका झोपडीत बसू शकत नव्हती, तसा तेव्हाचा रिवाज होता. उघड्या छपराखाली बसायला मात्र कोणाची हरकत नव्हती. मग रामशरण यांनी काय करावं? शाळेच्या भिंतीच काढून टाकल्या! छप्पर तेवढं राहिलं, आणि सगळी मुलं एकत्र शिकू लागली.

आता वाघांकडे येऊ. १९०७ साली चंपावतच्या वाघिणीला त्यांनी मारलं. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून तिने ४३६ माणसं मारल्याची नोंद होती. १९१० मध्ये पानारचा बिबट्या आणि १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रेकरूंच्या वाटेवर या रुद्रप्रयागच्या बिबट्याने १२५ बळी घेतले होते. संध्याकाळ झाली की गावंच्या गावं दारं लावून बसायची. चंपावतला निघण्याआधी कॉर्बेट यांनी दोन अटी घातल्या. सरकारने लावलेलं बक्षीस रद्द करायचं आणि बाकीच्या शिकाऱ्यांना परत बोलवायचं. बक्षिसासाठी शिकार करणारा म्हणवून घेणं त्यांना नको होतं. डोंगरातले लोक त्यांना प्रेमाने कारपेट साहेब म्हणायचे.

पण मारलेला वाघ ते नीट तपासायचे, आणि तिथेच त्यांना खरं कारण सापडायचं. चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे सुळे तुटलेले होते. कोणीतरी पूर्वी झाडलेल्या गोळीने! तिला तिची नेहमीची शिकार धरता येईना, म्हणून ती माणसाकडे वळली. वाघ मुळात माणूस खाणारा नसतो. जखम, म्हातारपण किंवा साळिंदराचे काटे पायात रुतून आलेलं अपंगत्व त्याला तिकडे ढकलतं, हे त्यांनी लोकांना समजावून सांगितलं.

कॉर्बेट अगदी संत होते असं मात्र मुलांना सांगू नये. १९३० साली त्यांनी पवलगढचा एक प्रचंड मोठा वाघ मारला. तो नरभक्षक नव्हता, त्या काळी मोठ्या शिकारीचा मान असायचा एवढंच. पण त्याच काळात त्यांच्या हातात कॅमेराही आला होता. फ्रेडरिक चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने काढलेली वाघांची छायाचित्रं बघून त्यांना वाटलं, बंदुकीपेक्षा हे जास्त अवघड आणि जास्त आनंदाचं आहे. वाघांचं चलचित्र घेण्यासाठी त्यांनी जंगलातल्या ओढ्यात छोटे छोटे बांध घातले. कशासाठी? तर पाण्याच्या खळखळाटात कॅमेऱ्याची घरघर वाघाला ऐकू जाऊ नये! पुढे ते शाळांमध्ये जाऊन मुलांना जंगलाची भाषा ऐकवू लागले.

१९३६ मध्ये हेली राष्ट्रीय उद्यान झालं. आशियातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून ते ओळखलं जातं. त्याच्या सीमा ठरवण्यात कॉर्बेट यांची मोठी मदत झाली. १९४४ मध्ये त्यांचं कुमाऊँच्या नरभक्षकांवरचं पुस्तक मुंबईतून प्रसिद्ध झालं आणि जगभर गाजलं. पहिल्या आवृत्तीचं मानधन त्यांनी युद्धात दृष्टी गेलेल्या भारतीय सैनिकांसाठी दिलं. त्यांच्या पुस्तकांचे मराठी अनुवाद आपल्या वाचनालयांतही मिळतात.

१९४७ च्या अखेरीस ते बहीण मॅगीसोबत केनियाला गेले. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी इथे त्यांचं निधन झालं. काही काळाने हेली उद्यानाला कॉर्बेट यांचं नाव देण्यात आलं. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तो याच जंगलातून, आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलं मेळघाटही होतं.

आज कालाढुंगीचं त्यांचं घर संग्रहालय झालं आहे. शेजारच्या छोटी हल्द्वानी गावात त्यांनी रानडुकरांपासून शेती वाचवण्यासाठी दगडी भिंत बांधून घेतली होती. आता गावातलेच लोक पर्यटकांना ती भिंत, ती शेतं आणि रानवाटा दाखवतात, घरी मुक्कामाला ठेवतात. पर्यटनाचा पैसा गावात राहतो, म्हणून जंगल राखावंसं वाटतं. निसर्ग पर्यटन म्हणजे हेच. उलट नैनितालला सुट्टीत गाड्यांची रांग लागते, आणि ज्या तळ्याचं पाणी शहर पितं त्याच्यावरच सगळा भार पडतो. आपल्या माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारी जात नाहीत, ते का, हे अशा वेळी मुलांना विचारून बघा.

त्या मुलीला मी शेवटी इतकंच सांगितलं : त्यांनी वाघ मारले हे खरं आहे. पण प्रत्येक वेळी त्यांनी विचारलं, हा असा का झाला? उत्तर शोधता शोधता त्यांना कळलं की चूक बहुतेक वेळा माणसाची होती. ते कळल्यावर त्यांनी बंदूक खाली ठेवली, आणि म्हणून जंगलाला त्यांचं नाव आहे.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, बाई, मग वाघिणीला पहिली गोळी कोणी मारली होती?

त्याचं नाव कोणालाच माहीत नाही. पण हा प्रश्न मात्र मी फळ्यावर लिहून ठेवला.

वर्गात घेण्यासाठी :
१. शाळेच्या आवारातले ठसे आणि आवाज आठवडाभर वहीत नोंदवा.
२. सहलीला गेल्यावर आपण तिथे काय ठेवून आलो आणि काय घेऊन आलो, याची दोन रकान्यांत यादी करा.
३. मोकामा घाटच्या शाळेची गोष्ट नाट्यीकरणातून सादर करा.