राँटजेन यांची रबराची पट्टी

विल्हेल्म राँटजेन म्हटले की क्ष-किरण आठवतात. पण त्या शोधाच्या पंधरा वर्षे आधी त्यांनी रबरावर केलेला एक प्रयोग आज कृत्रिम स्नायू बनवू पाहणाऱ्या संशोधकांना जास्त जवळचा वाटतो.

राँटजेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप येथे एका कापड व्यापाऱ्याच्या घरी झाला. बालपण नेदरलँड्समध्ये गेले. उट्रेख्टच्या शाळेत कुणीतरी शिक्षकाचे व्यंगचित्र काढले. काढणाऱ्याचे नाव सांगायला नकार दिल्याने शिक्षा राँटजेन यांना झाली आणि शाळा सुटली. शालान्त प्रमाणपत्राअभावी विद्यापीठांची दारे बंद झाली. झुरिचच्या पॉलिटेक्निकने मात्र प्रवेश दिला. तेथे ते यंत्र अभियांत्रिकी शिकले आणि १८६९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे वुर्झबर्ग विद्यापीठाने त्याच प्रमाणपत्रावरून त्यांना अध्यापनाची मान्यता नाकारली. १८८८ मध्ये तेथेच ते प्राध्यापक म्हणून परतले.

त्याआधी गिसेन येथे असताना, १८८० मध्ये, त्यांनी रबराची पट्टी टांगून खाली वजन लावले आणि तिच्या दोन्ही बाजूंना विरुद्ध विद्युतभार दिला. पट्टी लांब झाली. भार काढताच आखडली. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, मधले रबर दाबले जाऊन पातळ होते आणि लांबीत वाढते. आपल्या स्नायूसारखीच ही हालचाल. मोटार नाही, चाके नाहीत. मात्र त्यासाठी प्रचंड व्होल्टेज लागे, म्हणून तिचा व्यवहारात उपयोग झाला नाही.

नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले. राँटजेन यांनी पेटंट घेतले नाही. १९०१ च्या पहिल्या भौतिकशास्त्र नोबेलची रक्कमही वुर्झबर्ग विद्यापीठाला दिली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिकमध्ये आतड्याच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

रबराच्या पट्टीची अडचण जाडीची होती. थर दहापट पातळ केला, तर तेवढ्याच परिणामाला दहापट कमी व्होल्टेज पुरते. शरीराजवळ वापरायच्या साधनासाठी हा फरक निर्णायक आहे. म्हणूनच आज संशोधक नॅनोतंतूंकडे वळले आहेत. पॉलिमरचे द्रावण सुईतून सोडून उच्च विद्युतदाबाने ओढले की काहीशे नॅनोमीटर जाडीचे, म्हणजे केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही बारीक, धागे जाळीसारखे जमा होतात.

याच धाग्यांचे उलटे कामही होते. पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड या पॉलिमरवर दाब दिला की वीज निर्माण होते, हा त्याचा ठळक गुण जपानच्या हेजी कावाई यांनी १९६९ मध्ये दाखवला. त्याच्या तंतूंत बेरियम टायटेनेटचे सूक्ष्म कण किंवा कार्बनच्या नॅनोनळ्या मिसळून संकेत वाढवता येतो. अशी जाळी मनगटावर नाडीचे ठोके टिपू शकते, छातीवर श्वासाची लय.

पण कण फार मिसळले तर धागा कडक होऊन लवचीकता जाते. नळ्या अति झाल्या तर वीज आरपार वाहून जाते. शिवाय घाम आणि सततची घडी सोसून हीच जाळी महिनोन्‌महिने तसाच संकेत देते का, हेही पाहावे लागते. नाडीचा आकडा डॉक्टरांनी विश्वासाने वाचावा असे वाटत असेल, तर ही कसोटी टाळता येणार नाही.